सोडून दिलेला वाडा

हाफकिन संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप १० ऑगस्ट १८९९ या तारखेवर जाऊन टेकते. त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. १९०६ मध्ये ती 'बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' झाली आणि १९२५ मध्ये, त्या वेळचे संचालक मॅकी यांच्या सूचनेवरून, तिला तिच्या संस्थापकाचे नाव मिळाले. या तारखांबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्याआधी नेहमी येणाऱ्या एका वाक्याबद्दल: सरकारने उदार मनाने आपला राजवाडा विज्ञानाला अर्पण केला. स्मरणिकांच्या पहिल्या पानावर असे वाक्य शोभून दिसते, म्हणून ते टिकते. पण त्यात आधीची पावणेदोनशे वर्षे गडप होतात, आणि त्या वर्षांकडे नीट पाहिले तर अर्पणाची गोष्ट उभी राहत नाही. हा वाडा मुळात पाद्र्यांचा मठ होता; तो आधी हिसकावून घेतलेला होता, मग हौसेने सजवलेला होता आणि शेवटी रोगाच्या धास्तीने सोडून दिलेला होता. रोगाने रिकामी केलेली वास्तू रोगावर काम करणाऱ्यांच्या हाती आली, आणि मठाचे मठपण व वाड्याचे वाडेपण या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेच्या उपयोगी पडल्या. म्हणून संस्थेचा इतिहास मठापासून सुरू करावा लागतो.

परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसईबरोबर ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या पाठोपाठ निरनिराळ्या पंथांचे पाद्री आले. परळला जेझुइटांनी प्रार्थनामंदिर आणि त्याला लागून मठ बांधला. मठ म्हणजे नुसती पूजेची जागा नव्हे. भोवतालची भातखाचरे, नारळीच्या वाड्या, मिठागरे यांचे उत्पन्न वसूल करणारे ते एक खातेही असे. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. १९३१ मध्ये परळ आणि शिवडी यांच्या दरम्यान रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून एक अखंड शिवशिल्प निघाले. ते पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात, आणि आज ते जवळच्या बारादेवीच्या देवळात आहे. परळला देवस्थान पोर्तुगीजांनी आणले नाही, ते हजार वर्षे आधीपासून होते, एवढे या दगडावरून नक्की सिद्ध होते. त्यावरून मठ एखाद्या देवळाच्या पायावरच उभा राहिला असे मात्र सिद्ध होत नाही. दोन पुरावे एकाच परिसरात सापडले म्हणून ते एकावर एक रचण्याचा मोह आवरलेला बरा.

१६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. बेट इंग्रजांचे झाले, पण जमिनीचा मोठा वाटा जेझुइटांकडेच राहिला. कुरबुरी तेव्हापासूनच्या. सिद्दी याकूतखानाने १६८९-९० मध्ये मुंबईवर चाल करून शहर वेठीला धरले तेव्हा जेझुइटांनी त्याला आतून मदत केल्याचा आरोप झाला आणि त्यांच्या जमिनींवर जप्ती आली. पुढे १७२० च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज पाद्र्यांना बेटावरून घालवले, आणि परळची मठाची इमारत कंपनीच्या पदरात पडली. आरोप कितपत खरा होता हे आज ठरवणे अवघड आहे, पण त्याचा लाभ कोणाला झाला हे स्पष्ट दिसते. मुंबईच्या कोटातली दाटी, दलदल आणि ताप यांपासून चार-पाच मैलांवर, झाडीत, जाड भिंतींची तयार इमारत कंपनीला फुकट मिळाली. धर्माच्या नावाने सुरू झालेली जप्ती हवेशीर बंगल्यावर येऊन थांबली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षे चैनीची आहेत, आणि त्यांचा इतिहास संस्थेच्या लिखाणात सहसा वगळला जातो, जणू ते पाहुणे चुकून राहून गेले. पण इमारतीला आजचे रूप याच काळात आले. आधी ती गव्हर्नरांची गावाबाहेरची हवा खाण्याची जागा होती. विल्यम हॉर्नबी हा तिथे रीतसर बिऱ्हाड करणारा पहिला गव्हर्नर, १७७१ नंतर. मराठी वाचकाला हा माणूस दुसऱ्या कारणाने ठाऊक असतो: राघोबादादांचा पक्ष घेऊन मुंबईकरांनी पुण्यावर फौज धाडली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला शरणागतीचा तह करून परतण्याची पाळी आली, तेव्हा मुंबईच्या गादीवर हाच होता. वाड्याची खरी करामत मात्र प्रार्थनामंदिरात झाली. मंदिराचा उंच, लांब गाभा पाडायला खर्च आणि ठेवायला संकोच. तेव्हा त्याच्या चार भिंती तशाच ठेवून आत एक मजला घालण्यात आला. खाली भोजनगृह आणि वर नाचघर. १८२५ मध्ये बिशप हेबर इथे मुक्कामाला होते, आणि आपण जेवतो आहोत ती जागा एके काळचे देवघर आहे याची नोंद त्यांच्या प्रवासवृत्तात आली. ज्याने त्यांचे आतिथ्य केले तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाई बुडवून पुण्याहून आलेला, १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर. त्यानेच मूळ इमारतीच्या बाजूंना पंख जोडून वाडा वाढवला.

चैनीच्या या काळाला नुसते नाके मुरडून चालत नाही, कारण त्यात एक गोष्ट अशी घडली की तिचे ऋण मुंबईची विद्वत्ता आजही फेडते आहे. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी, मुंबईचा रेकॉर्डर (न्यायाधीश) जेम्स मॅकिंटॉश याच्या पुढाकाराने, परळच्या याच वाड्यात लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बेची पहिली सभा भरली. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आज ज्या एशियाटिक सोसायटीचा फलक दिसतो तिचे मूळ हे. म्हणजे या वास्तूत ज्ञानाचे काम १८९९ मध्ये पहिल्यांदा आले असेही नाही. अर्थात त्या सभेत एकही हिंदी माणूस नव्हता, आणि वरच्या मजल्यावर नाच चालत असताना खालच्या पाखाडीतल्या कोळ्या-कुणब्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वाड्याच्या आहेत. १८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स इथे उतरला तो या वैभवाचा कळस म्हणायचा.

त्यानंतर दहाच वर्षांत वाडा ओस पडला. असे का झाले, यावर माझा सगळा मुद्दा उभा आहे. परळ आता गावाबाहेर राहिलेले नव्हते. ताडदेवपासून सुरू झालेल्या सूतगिरण्या उत्तरेकडे सरकत आल्या, रेल्वेचे कारखाने आले, गिरणगावाच्या चाळी उठल्या, आणि कोकण-घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत दहा-बारा अशी राहू लागली. ज्या हवेसाठी मठ बळकावला ती हवाच उरली नाही. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी याच वाड्यात पटकीने दगावली. हे तेच फर्ग्युसन, ज्यांचे नाव तीन वर्षांनी पुण्यातल्या महाविद्यालयाला मिळाले. १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांनी मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला हलवला, समुद्राच्या टोकावर, जिथे वारा तरी गिरण्यांच्या बाजूने येत नव्हता. त्यानंतर चौदा वर्षे परळच्या वाड्याचे करायचे काय, हा सरकारपुढचा प्रश्न होता. उदारपणाची गोष्ट इथे लंगडी पडते. देणाऱ्याला हवी असलेली वस्तू त्याने दिली तर ते दान; जिथे पुन्हा राहायला जाण्याची कोणाची छाती नाही ते घर दुसऱ्याच्या हवाली करणे याला व्यवहारात दुसरा शब्द आहे.

वाल्देमार हाफकिन तोवर मुंबईत आले होते. १८६० मध्ये ओडेसाला जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पटकीची लस करून १८९३ मध्ये कलकत्त्याला पोचला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात हाफकिनना मुंबईला पाठवण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक बोळ, एक कारकून, तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचली. इथे एक रास्त आक्षेप येतो. लस जर एका खोलीत आणि बोळात झाली, तर परळच्या वाड्याला श्रेय कशाचे? तो नसता तर दुसरा बंगला मिळाला असता; मधल्या काळात मलबार हिलवर आणि आगाखानांनी दिलेल्या खुश्रू लॉजमध्ये काम चाललेच की. आक्षेप अर्धा खरा आहे. शोधाला खोली पुरते. पण लाखो माणसांना पुरेल इतकी लस रोज भरायची तर खोली पुरत नाही, आणि ती लस कशी होत असे हे जवळून पाहिले म्हणजे परळचे महत्त्व ध्यानात येते.

प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवायचे. गोमांस आणि डुकराचे मांस इथल्या लोकांना चालणार नाही म्हणून हाफकिननी बोकडाच्या मांसाचा रस्सा घेतला. चंबूत हा रस्सा ओतून वर तुपाचे काही थेंब सोडत. तूप पृष्ठभागावर तरंगते आणि त्याच्या खालच्या अंगाला जंतूंची वाढ धरते. ती खाली लोंबत जाते, गुहेच्या छताला चुन्याचे सुळे लोंबावेत तशी. चंबू जराही हलला तर हे नाजूक सुळे तुटून तळाशी बसतात. म्हणून चंबू स्तब्ध ठेवायचा, काही दिवसांनी मुद्दाम हलवून सुळे खाली पाडायचे, तुपाखाली नवे धरू द्यायचे, असे पाच-सहा आठवडे. मग तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, बाटल्या भरायच्या. म्हणजे शेकडो चंबू, महिना-दीड महिना, न हलता, फारशा चढउताराशिवायच्या उष्णतेत ओळीने उभे राहायला हवेत. भर वस्तीतल्या हलक्या बांधणीच्या बंगल्यात हे जमवणे कठीण. हातभर जाडीच्या भिंती, दणकट जमीन आणि लांबरुंद दालन हे या कामाला जणू मापून दिल्यासारखे होते. वाडा निवडताना सरकारने असा विचार केला होता असे माझे म्हणणे नाही. वाडा रिकामा होता, एवढ्याने निवड झाली. पण पाद्र्यांना उन्हाळ्यात गारवा हवा म्हणून आणि नाचणाऱ्यांना पायाखाली पक्की जमीन हवी म्हणून जे बांधले गेले तेच चंबूंच्या कामी आले, हे वस्तुस्थितीला धरून आहे.

आवाराचाही असाच उपयोग झाला. १९०५ पासून प्लेग कमिशनचे काम परळला चालले आणि कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी उंदरावरच्या पिसवेवर जो संशय धरला होता तो इथे प्रयोगाने पक्का झाला. आवारात मुद्दाम छोट्या कोठ्या बांधून त्यात गिनीपिग ठेवले. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर आतला प्राणी प्लेगने मरे. तोच दोन फुटांवर टांगला तर वाचे, कारण पिसवेची उडी चारेक इंचांपलीकडे जात नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाची पट्टी घातली तरी प्राणी वाचे, आणि पट्टीला पिसवा चिकटलेल्या सापडत. प्लेगची भानगड हवेत किंवा मातीत नसून उंदराच्या अंगावरच्या किड्यात आहे, हे इतक्या साध्या मांडणीने दाखवून दिले गेले. गव्हर्नरांच्या बागेइतकी मोकळी जागा, भोवती कुंपण, आत-बाहेर करणाऱ्यांवर नजर, हे नसते तर जिवंत प्लेग आणि जिवंत पिसवा घेऊन गिरणगावाच्या तोंडाशी असा खेळ कोणी मांडू दिला नसता. एके काळी सामान्यांना बाहेर ठेवणारे फाटक आता रोगाला आत ठेवत होते.

दुसरा आक्षेप मराठी माणसाच्या आतून येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. प्लेग म्हटले की आपल्याला आठवतो तो पुण्यातला रँड, घराघरांत शिरणारे गोरे शिपाई, देवघरापर्यंत गेलेले बूट, आणि २२ जून १८९७ ची चाफेकरांची गोळी. तेव्हा गव्हर्नर होते सँडहर्स्टच, ज्यांनी दोन वर्षांनी परळला उद्घाटन केले. ज्या सरकारने प्लेगच्या नावाने इतकी दांडगाई केली त्याच्या प्रयोगशाळेचा गौरव कशासाठी? उत्तर असे की दांडगाई आणि प्रयोगशाळा एकाच सरकारच्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी दोन वेगळ्या समजुती होत्या. रँडचा कारभार या समजुतीवर चालला होता की रोग माणसांच्या घाणीत आहे, म्हणून माणसे बाहेर काढा, सामान जाळा. परळच्या कोठ्यांनी दाखवले की माणसे हलवून आणि जमीन धुऊन पिसू हटत नाही. म्हणजे सरकारी जुलमाच्या शास्त्रीय सबबीला खरा तडा सरकारच्याच जुन्या वाड्यात गेला. टोचून घेण्याची सक्तीही हाफकिन यांना नको होती; आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतले आणि खोजा समाज पुढे आला, हा मार्ग त्यांना पटणारा होता. ज्यांना घरे उघडावी लागली त्यांचे दुःख यामुळे कमी होत नाही. पण संस्थेला रँडच्या रांगेत उभे करणे पुराव्याला धरून नाही.

वाडा सगळ्यांनाच पावला असेही नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मल्कोवाल गावी परळहून गेलेल्या लशीच्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते मरण पावले. बाटली क्रमांक ५३ एन. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट तपासाच्या कागदातच होती, पण तिला वजन मिळायला चार-पाच वर्षे गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर बाजू घेतली तेव्हा कुठे हाफकिन मोकळे झाले. ते परत आले ते कलकत्त्याला. परळ त्यांना पुन्हा मिळाले नाही. पुढे १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देताना भरपाईची भावना असणार, असे मला वाटते. १९३० मध्ये ते लोझानला वारले.

त्यानंतरचा इतिहास संस्थेच्या इतर लेखांत येतोच, म्हणून इथे थोडक्यात. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले, सर्पदंशावरचे प्रतिविष, पटकी, धनुर्वात, पुढे पोलिओ असा कामाचा पसारा वाढला, आणि १९७५ पासून उत्पादनाचे काम वेगळ्या महामंडळाकडे गेले. आजूबाजूला १९२६ मध्ये केईएम आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल उभे राहिले. हवा बिघडली म्हणून गव्हर्नरांनी जे परळ सोडले ते महाराष्ट्राच्या आजाऱ्यांचे माहेरघर झाले.

उरतो तो वास्तूचा प्रश्न, आणि शतकोत्तर वर्षांत तो पुन्हा पुन्हा निघतो. जगात अशा जुन्या मठांची डागडुजी करून त्यांची आलिशान निवासस्थाने करण्याची चाल पडली आहे. पोर्तुगालात एव्होराचा लोइओस मठ १९६५ पासून उंची अतिथिगृह आहे. कोलंबियात कार्ताहेनाचा सांता क्लारा मठ १९९५ मध्ये हॉटेल झाला, आणि तिथे पैसे मोजणारा पाहुणा जुन्या ओवऱ्यांत न्याहारी करतो. ते वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. छप्पर टिकते, चुना लागतो, आणि ओसाड पडून ढासळण्यापेक्षा ते कितीतरी बरे. गोव्यात संत ऑगस्टीनच्या मठाचे काय झाले ते जुन्या गोव्याला जाऊन कोणीही पाहावे: १८३५ मध्ये पंथ उठवले, १८४२ मध्ये छत कोसळले, आज अर्धा मनोरा उभा आहे. वापर हाच इमारतीचा वैद्य, हे खरे. पण परळला हा प्रयोग इंग्रजांनी अठराव्या शतकातच करून पाहिला आहे. मठाचा विलासमहाल करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. तिचा शेवट पटकीने कसा केला हेही ठाऊक आहे.

म्हणून जेव्हा कोणी सुचवतो की प्रार्थनामंदिराच्या जागेतले दालन, म्हणजे दरबार हॉल, मूळ रूपात आणावे, तेव्हा मूळ कोणते हे आधी विचारले पाहिजे. नाचघराचे रूप आणायचे तर प्रयोगशाळेच्या खुणा पुसाव्या लागतील. मठाचे आणायचे तर गव्हर्नरांनी घातलेला मधला मजला काढावा लागेल, म्हणजे मंदिराची उंची परत मिळेल आणि त्या मजल्यावर झालेले सगळे जाईल. माझे मत स्पष्ट आहे: तो मजला राहू द्यावा. भिंतींना जिथे तुळया रुतल्या आहेत तिथला चुना उघडा ठेवला तर पाहणाऱ्याला एकाच नजरेत कळेल की खालून वर गेलेली भिंत पाद्र्यांची, आडवी तुळई लाटसाहेबाची, आणि तिच्यावर मांडलेले टेबल चंबूंचे.